सकाळच्या बॅचमधून नाव कमी करताना

माझी मोठी बहीण पन्नाशी उलटल्यावर जिमला जायला लागली, हे तिने मला सांगितलं नव्हतं. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली म्हणून मी अमरावतीहून अकोल्याला तिच्याकडे गेले, तेव्हा दाराशी नवेकोरे निळे बूट दिसले. मला वाटलं, कोणी पाहुणं आलंय.

"कोन आलं वं?" मी विचारलं.

"कोनी नाई. माहेच हायेत," ताई म्हणाली. "काहून, मी बूट नाई घालू शकत?"

मी हसले. ती हसली नाही, म्हणून मग मीही थांबले.

ताईबद्दल आधी थोडं सांगायला हवं. आमचं गाव चांदूर रेल्वेकडचं. वडील गेले तेव्हा ती नुकतीच बारावी झाली होती. मी पाचवीत, भाऊ त्याहून लहान. ताई पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागली आणि अकोल्याला गेली. तिच्या पगारावर आई जगली, मी डी.एड. केलं, भाऊ इंजिनियर होऊन पुण्याला गेला. तिचं लग्न राहूनच गेलं. विहारात वंदनेला जमलेल्या बाया म्हणायच्या, पोरासारखी निघाली पोरगी. ताईला ते बोलणं कधी आवडलं नाही. "पोरीसारखीच निघाली मी," ती घरी येऊन म्हणायची, "यायनं कधी पाह्यलंच नाई पोरीकडं."

अशा बाईने स्वतःच्या अंगासाठी पहिल्यांदा काही केलं ते हे. डॉक्टरांनी शुगर काठावर आली म्हणून सांगितलं आणि तिने घराजवळच्या एका फिटनेस सेंटरमध्ये वर्षाचा कार्यक्रम घेतला. करारावर सही केली, पैसे एकदम भरले. खाण्याचा तक्ता, शिकवायला एक मुलगी, महिन्याला मोजमाप, असं सगळं त्यात होतं. मला वाटलं होतं, पंधरा दिवस जाईल आणि सोडून देईल. पण तिचे फोन यायला लागले. एरवी आमचं बोलणं म्हणजे आईची पुण्यतिथी, भावाची मुलं, माझं गुडघेदुखीचं रडगाणं. आता ती सांगायची, "आज गव्हाच्या कट्ट्याएवढं वजन उचललं म्या. खाली ठेवलं तं पाय थरथरत होते. पन उचललं."

सकाळच्या बॅचला सगळ्या बायाच होत्या. त्यात हारफुलांचं दुकान असलेली एक बाई होती. ती पहाटे बाजारात फुलं उतरवून घ्यायची, दुकान नवऱ्यावर सोपवायची आणि तशीच जिमला यायची. तिच्या हाताला शेवंतीचा वास येतो, ताई सांगायची. त्या सगळ्यांत ताई वयाने मोठी आणि वजन उचलण्यात सगळ्यांच्या पुढे. नवीन कोणी बाई आली आणि घाबरली, की शिकवणारी मुलगी ताईकडे बोट दाखवायची. हे ताईने मला दोन-तीनदा सांगितलं, दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

उन्हाळ्यात तिला काखेजवळ दुखायला लागलं. व्यायामाने काहीतरी ताणलं असेल, असं तिने मनाशी ठरवलं आणि शेक घेत राहिली. गाठ हाताला लागली तेव्हाही तिने कोणाला सांगितलं नाही. शेवटी माझ्याकडे आली असताना आंघोळ करून बाहेर पडली आणि म्हणाली, "इथं हात लाव बरं." मी हात लावला. मी रिक्षा बोलावली.

पुढचे दिवस तपासण्यांचे होते. उपचार अमरावतीला करायचे, माझ्याच घरी राहायचं, हे लगेच ठरलं. माझा मुलगा शिकायला बाहेर होता, त्याची खोली रिकामीच होती. ताईची एकच अट होती.

"कोनाले सांगायचं नाई. तू, जावाई, आनि पुन्याचा लहाना. ऑफिसात साहेबाले सांगीन, सुट्टी पाह्यजे म्हनून. बस."

"मामाले?"

"मामाले तं अजिबात नाई. गावात दवंडी पिटल्यासारखं होते."

अकोल्याचं घर बंद करायला आम्ही दोघी गेलो. ताईचं काम नेहमी चोख. दूधवाल्याला सांगितलं, पेपर बंद केला, कुंड्या शेजारी दिल्या, फ्रिज पुसून दार उघडं ठेवलं. मग म्हणाली, "जिमचं राह्यलं. अर्धं वर्ष बाकी हाये. कॅन्सल करून उरलेले पैसे घेऊन येऊ."

मालक पस्तिशीतला, आडव्या अंगाचा आणि आवाजाने अगदी मऊ. त्याने खुर्च्या पुसून दिल्या, थंड पाणी मागवलं. ताईने करार पुढे ठेवला आणि सांगितलं, मला बंद करायचं आहे. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, काही चुकलं का आमचं?"

"नाई, नाई. तुमचं काईच नाई चुकलं."

"मग कारन काय? पाहा, करारात पैसे परत द्यायची दोनच कारनं हायेत. एक तं मेडिकल, डॉक्टरचा कागद लागते. नाईतं गाव सोडून राहिले असान तर."

मी ताईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"गाव सोडून राहिली मी," ती म्हणाली. "अमरावतीले चालली."

मालकाचा चेहरा असा खुलला, की मला आजही तो आठवतो. "मग तं प्रश्नच मिटला! अमरावतीले आपली शाखा हाये ना. आपली शाखा असन त्या गावी कॅन्सल करता येत नाई, ट्रान्सफर करता येते. एक रुपया ज्यादा नाई घेत. आत्ताच करून देतो."

आणि त्याने खरंच तिथल्या तिथे करून दिलं. स्वतः फोन लावला, त्या शाखेत सांगितलं, "आमच्या लय जबरदस्त मॅडम येऊन राहिल्या, नीट पाह्यजा." ताई हातात पाण्याचा ग्लास धरून बसली होती. आत बायांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यातली एक दारात डोकावली आणि ओरडली, "अवं ताई, आज कुठं होत्या?" ताईने हात हलवला.

जिना उतरताना मी म्हटलं, "सांगून टाकायचं होतं ना. एका कागदाचं काम होतं."

ती पायरीवर थांबली. "तुले समजून नाई राहिलं. हे लोक मले कसं पायतात, मालूम हाये का? आईले मी पगार होती. तुमाले फी होती. इथं मी फक्त मजबूत बाई हाये. आज तो कागद देला, का उद्यापासून अरेरे. अरेरे आयकाले नाई आली मी इथं."

तिच्या बोलण्यात 'तुमाले' होतं, त्यात मी होते. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं, चप्पल चिकटत होती. आम्ही बस स्टँडवर गेलो आणि मूर्तिजापूर येईपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. मूर्तिजापूरला तिने खिडकीतून भाजलेले शेंगदाणे घेतले आणि अर्धे माझ्या ओंजळीत ओतले. एवढंच.

गाठीवरच्या औषधाचं पहिलं सलाइन झालं आणि दुसऱ्याच दिवशी अमरावतीच्या शाखेतून फोन यायला लागले. "मॅडम, तुमची बॅच कोणती ठेवायची?" "मॅडम, आज येताय ना?" ताई पलंगाच्या कडेला बसून टबात उलट्या करत होती आणि उशीवर फोन वाजत होता. मी तो बंद करायला हात पुढे केला, तर तिने तोंड पुसून स्वतः उचलला आणि अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाली, "हो, येते. जरा घरचं काम हाये. येते दोन-चार दिवसांत." फोन ठेवला आणि पुन्हा टब ओढला.

शाळेतल्या एका सरांना मी नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, अशा एकतर्फी अटी चालत नाहीत, ग्राहक आयोगात तक्रार करा, पैसे मिळतील. मी घरी येऊन उत्साहाने सांगितलं. ताईने डोळे मिटलेलेच ठेवले. "केस लढाले दम लागते, बाई. माह्या जवळ हाये तेवढा दुसरीकडं लागून राहिला."

मी म्हटलं, मग सोडून दे. पैशांवाचून काही अडलं नाही.

"सोडून कसं देऊ? माह्या नावानं रोज फोन येते. तिकडं माहं नाव चालू हाये, आनि मी इथं झोपून. ते नाव कमी झालं पाह्यजे."

शाळेत आम्ही पटावरचं नाव कमी करणं म्हणतो, तोच शब्द तिने वापरला. तेव्हा मला थोडं कळलं. मला वाटलं होतं तिला हिशेब पूर्ण हवा आहे, कारकुनाची सवय. पण ती मजबूत बाई तिकडे उभी आहे, वजन उचलते आहे, येते येते म्हणते आहे, आणि ही इथे उशीवरचे केस वेचते आहे. हे दोन्ही एकाच वेळी चालवणं तिला झेपत नव्हतं.

केस बरेच गेल्यावर तिने डोक्याला सुती रुमाल बांधला आणि एका दुपारी म्हणाली, "चाल, त्या शाखेत जाऊन येऊ."

शाखा दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद. मी म्हटलं, मी एकटी जाते. ती चढायला लागलीसुद्धा. प्रत्येक वळणावर कठड्याला टेकून थांबायची, मग पुढे. वर पोचलो तेव्हा तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. काउंटरवर पंचविशीची एक मुलगी होती. जिमचा काळा टी-शर्ट, कपाळाला बारीक टिकली. तिने रुमाल पाहिला, पण नजर लगेच संगणकाकडे वळवली.

"मॅडम, आलात! मीच फोन करत होते तुम्हाला. कोणती बॅच देऊ?"

ताई काउंटरला दोन्ही हात टेकून उभी होती. श्वास जुळवत होती. मला वाटलं, ती पुन्हा काहीतरी अर्धंमुर्धं सांगेल.

"पोरी, मले कॅन्सर हाये," ती म्हणाली. "बॅच नको. माहं नाव कमी कर."

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांसमोर ती 'हे' म्हणायची. 'हे किती दिवस चालन?' माझ्यापाशी तर तेही नाही. अनोळखी मुलीपुढे, मागे कुठलंसं धडधडतं गाणं चालू असताना तिने तो उच्चारला.

मुलगी उठली. काउंटरला वळसा घालून आली आणि ताईला बसवलं. पंखा तिच्याकडे फिरवला. अरेरे म्हणाली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. मग म्हणाली, "मॅडम, डॉक्टरांचा कागद लागेल. आणि हा साधा अर्ज. मी लिहून देते, तुम्ही सही करा. पण एक सांगते, अर्ज अकोल्यालाच जातो. पैसे तिथूनच निघतात. सरांकडेच जाईल."

"म्हंजे तिथं समजन."

"हो. समजेल."

ताईने रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "तू लिही अर्ज. पन पाठवू नको. मीच घेऊन जाते."

बाहेर रिक्षात बसल्यावर मी विचारलं, अकोल्याला कशाला? ती म्हणाली, "कागदाच्या आधी मी पोचली पाह्यजे. बाया मले विचारतीन तं बरं. कागद वाचून घरी येतीन, फळं घेऊन, ते नाई पाह्यजे."

पुढच्या सलाइनच्या आधी तिला चार दिवस बरे जायचे. त्या दिवसांतल्या एका सकाळी ओळखीच्याची गाडी करून आम्ही बॅचच्या वेळेला अकोल्याला पोचलो. ताईने निळे बूट घातले होते. साडी नेसून बूट, डोक्याला रुमाल.

आत गेलो तेव्हा सात-आठ बाया ओळीने उभ्या होत्या. पहिल्यांदा कोणी ओळखलंच नाही. मग फुलवाल्या बाईच्या हातातलं वजन खाली आलं.

"ताई?"

"हो, मीच," ताई म्हणाली. "सांगाले आली. छातीचा कॅन्सर निंघाला. अमरावतीले इलाज चालू हाये. तुमाले न सांगताच गेली, आनि सरायले गाव सोडलं म्हनून सांगतलं, ते खरं नोतं. आता नाव कमी कराले आली."

गाणं चालूच होतं. शिकवणाऱ्या मुलीने जाऊन ते बंद केलं. त्या शांततेत फुलवाली बाई पुढे आली. मला वाटलं, ती मिठी मारेल, रडेल. ती रागावली.

"काहून नाई सांगतलं? आमी काय परक्या होतो? मी रोज इचारत होती, ताई न सांगता काहून गेल्या, काहून गेल्या. मले वाटलं आमचं काई बोलनं लागलं तुमाले. दोन महिने मनाले लावून घेतलं म्या."

ताईने हे धरलंच नव्हतं. दया येईल, हे तिने धरलं होतं. तिच्या जाण्याने कोणाला काही वाटलं असेल, तिच्याशिवाय त्या ओळीत जागा रिकामी राहिली असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ती एकदम खाली बाकावर बसली आणि म्हणाली, "चुकलं माहं." मग तिला रडू आलं. आईच्या वेळीसुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बाया भोवती उभ्या राहिल्या. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी नुसतीच उभी. फुलवालीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. माझ्यापर्यंत शेवंतीचा वास आला, का मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

थोड्या वेळाने ताईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमचा टाइम चालला. करा ना." कोणी हललं नाही. "करा म्हनते ना. मी मोजते." आणि ती बाकावर बसून मोजायला लागली. एक, दोन, तीन. बाया वजनं उचलायला लागल्या, काहींचे गाल ओले होते. मोजताना मध्येच ताईला धाप लागली, तेव्हा शिकवणाऱ्या मुलीने पुढचे आकडे म्हटले आणि पुन्हा ताईने घेतले.

मालक दाराशी येऊन उभा होता. बॅच संपल्यावर त्याने आम्हाला आत नेलं. कागद पाहिला आणि टेबलावर उलटा करून ठेवला.

"मॅडम, त्या दिवशी सांगतलं असतं तं मी ट्रान्सफर केली असती का? मीच फोनवर सांगतलं, जबरदस्त मॅडम येऊन राहिल्या म्हनून."

"तुमी मनानं केलं. तुमचं काई नाई," ताई म्हणाली.

"पूर्ण वर्षाचे पैसे परत देतो."

"नाई. जेवढे महिने आली तेवढे कापा."

"राहू द्या ना, मॅडम."

"कापा," ती म्हणाली. "ते महिने माहे हायेत. फुकट नाई घेतले म्या."

त्याने कापले. चेक लिहून दिला, आणि आम्ही निघालो तेव्हा खालपर्यंत सोडायला आला. ते पैसे पुढच्या महिन्यात औषधांत गेले. त्यांचं वेगळं असं काही झालं नाही. अमरावतीच्या शाखेतून फोन येणं थांबलं. एकदाच आला, त्या काउंटरवरच्या मुलीचा. काम काही नव्हतं. "बऱ्या आहात ना, एवढंच," ती म्हणाली. ताई तिच्याशी बराच वेळ बोलली, दार लोटून.

त्या दिवशी अकोल्याहून परतीच्या वाटेवर गाडीतच ताईने मामाला फोन लावला. मामा ऐंशीच्या घरातले, कानाने मंद. त्यामुळे तिला तो शब्द ओरडून सांगावा लागला, दोनदा. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. ताईने त्याच्याकडेही पाहून मान हलवली, हो, असंच आहे म्हणून.

दोन दिवसांनी मामा आले. त्यांच्या ओळखीच्या बागेतून संत्र्यांची पिशवी भरून आणली होती. खोलीत येऊन ताईच्या समोर बसले आणि एकेक संत्रं सोलत राहिले. सालं वर्तमानपत्रावर, फोडी ताटलीत. ताईच म्हणाली, "मामा, बोला ना काईतरी."

"काय बोलू, माय," मामा म्हणाले. "तुह्या बापाच्या वक्ताले तुले म्या म्हटलं होतं, आता तूच पोरगा. तवापासून मले वाटून राहिलं, का नसतं म्हटलं तं बरं झालं असतं."

ताईने ताटलीतली एक फोड उचलून त्यांच्या हातात दिली. "खा. सगळे मलेच चारून राहिले."

उपचार पुढे बरेच महिने चालले. ऑपरेशन झालं, मग पुन्हा सलाइनं, मग रेडिएशनचे शेक. मधल्या काळात एकदा तिचं काही खरं नाही असं मला वाटलं होतं. तिलाही वाटलं असावं, कारण तिने बँकेचे कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवलं. पण ती त्यातून उठली. आता ती अकोल्याला आहे, नोकरी पूर्ण करते आहे. डावा हात सुजतो, त्याने जड उचलायची मनाई आहे, म्हणून जिमला ती परत गेली नाही. ठरावीक काळाने तपासणीला अमरावतीला येते. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघी टीव्ही लावून बसतो आणि काय चाललंय ते दोघींनाही कळत नाही. पुढचं मी काही धरून चालत नाही. तीही नाही.

गेल्या थंडीत मी तिच्याकडे गेले होते. सकाळी जाग आली तर ती घरात नव्हती. थोड्या वेळाने फाटक वाजलं. ती आणि फुलवाली बाई मैदानावर फिरून येत होत्या, कशावरून तरी मोठमोठ्याने वाद घालत. फुलवाली दुकानाकडे वळली. ताई आत आली, केस आता बोटभर वाढलेले, कपाळावर घाम. मला दारात उभी बघून म्हणाली, "अवं, उठली तं चहा तरी ठेवायचा!"

मी चहा ठेवायला आत गेले.